दोनशे मीटरला पुरेल अशी दुर्बीण

रविवार, १९ नोव्हेंबर. संध्याकाळी ७

आजपासून रोजनिशी. वाचणारा मी एकटाच, त्यामुळे सगळं खरं लिहिणार.

धुळ्याच्या रायफल क्लबात नोटीस लागली. १८ फेब्रुवारीला जोडी स्पर्धा. पॉइंट टू-टू रायफल. पन्नास, शंभर आणि दोनशे मीटर. दोघांत एकच रायफल. प्रत्येकाला प्रत्येक अंतरावर दहा गोळ्या. एकाने झोपून मारायचं, दुसऱ्याने शेजारी बसून गोळी कुठे पडली ते सांगायचं. मी आणि ज्ञानचंदने नाव दिलं. म्हणजे मी दिलं. ज्ञानचंद चहा पीत होता.

पॉइंट टू-टूची गोळी शेंगदाण्याएवढी. पन्नास मीटरवर शहाण्यासारखी सरळ जाते. दोनशेला पोचेपर्यंत छातीइतकी खाली येते, आणि मध्ये वारा नेईल तिकडे जाते. लोकांना वाटतं, सराव लागतो. चूक. सामान लागतं. पंचवीस वर्षं जळगावात मोटारपंप बांधतोय. यावलच्या अर्ध्या केळीबागा माझ्या वाइंडिंगवर हिरव्या आहेत. मला कुणी सामान शिकवू नये.

रायफल क्लबचीच वापरावी लागणार. माझा लायसन्सचा अर्ज फिरतोय. पण रायफलीवर काय बसवायचं आणि खाली काय ठेवायचं, हे ठरवायला कुणाची परवानगी लागत नाही.

क्लबचा कोच धनसिंग. सगळे त्याला आबा म्हणतात. फौजेतून सुभेदार होऊन आलेला, शिरपूरकडचा. नोटीस वाचताना माझ्याकडे बघून म्हणाला, भाऊ, तीन महिना शेतस, रोज श्वास सांभाळा. श्वास! चोपन्न वर्षं घेतोय, अजून एकदाही चुकला नाही.

परत येताना पारोळ्याजवळ ज्ञानचंद म्हणाला, अर्हम बोलावतोय. अर्हम त्याचा मुलगा, सुरतेत असतो. म्हणतोय, साड्यांचं दुकान बंद करा आणि तुम्ही आणि आई इकडेच या. मी म्हणालो, समोर बघ, ट्रक आहे.

ट्रक तसा लांब होता.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

दुर्बिणीचा अभ्यास सुरू. रायफलीवर बसते ती दुर्बीण, म्हणजे स्कोप. क्लबच्या रायफलीवरची नऊपट मोठं दाखवते. नऊपट! दोनशे मीटरवरचा कागद त्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसतो. मला चाळीसपट हवी.

इंटरनेटवर एका फोरमवर लिहिलं. कुणी कोइमतूरचा शहाणा म्हणाला, इतकी पॉवर घेऊ नका, अशा दुर्बिणीचं बटण वर फार कमी फिरतं. त्याला चार परिच्छेदांत उत्तर दिलं. त्याने परत लिहिलं नाही. हरला.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

बायकोने, कामिनीने विचारलं, ज्ञानचंदभाऊ खरंच चाललेत का? म्हटलं, माणसं बोलतात. त्याला सुरतेत करमणार नाही. तिथे दोनशे मीटरची मोकळी जागाच नाही. ती म्हणाली, ते तिथे नातवंडांसाठी चाललेत, दोनशे मीटरसाठी नाही. बायकांना तांत्रिक बाजू समजत नाही.

रविवार, २६ नोव्हेंबर

सराव, पन्नास मीटर. मी: दहापैकी चार काळ्या गोलात. ज्ञानचंद: नऊ.

कारणं: त्याचा नंबर आधी होता. तेव्हा हवा थंड होती. माझ्या वेळेला ऊन आलं, शेजारच्या शेतात कुणीतरी ट्रॅक्टर चालू केला आणि धनसिंग माझ्या मागे उभा होता. तो मागे उभा राहतो तेव्हा त्याचे बूट वाजतात.

नऊपटच्या दुर्बिणीतून काढलेले नऊ हे काही खरे नऊ नव्हेत, असं मी गाडीत ज्ञानचंदला समजावलं. तो बरं म्हणाला. साठच्या पुढे गाडी नेत नाही हा माणूस. जळगाव ते धुळे दर रविवारी सव्वादोन तास. एरंडोलला चहा, पारोळ्याला लघवी, डब्यात खाकरे. पंधरा वर्षं हेच. वैताग आहे.

रविवार, ३ डिसेंबर

दुर्बीण मागवली. चाळीसपट.

धनसिंगला सहज सांगितलं. त्याने डोक्याला हात लावला. म्हणाला, इतलं मोठं दखीसन काय करशात भाऊ? तेनं बटण दोनशेले पुरणार नही. खाल उतारनी पट्टी लावा.

म्हणजे रायफल आणि दुर्बीण यांच्यामध्ये एक तिरकी लोखंडी पट्टी बसवायची, की दुर्बिणीचं तोंड थोडं खाली राहतं आणि लांबच्या मारासाठी बटण जास्त फिरवता येतं. एवढं मला कळतं. पण हा माणूस पट्टी पट्टी का करतोय? पट्टी विकणाऱ्या कुणाशी तरी याचं साटंलोटं असणार.

शुक्रवार, ८ डिसेंबर

चौकशी केली. धनसिंग काहीच विकत नाही. म्हणजे हेतू आणखी खोल आहे.

शनिवार, ९ डिसेंबर. दुपारी

दुर्बीण आली! गच्चीवर तिवईला लावून पाहिली. दोनशे मीटरवरच्या डीपीवरचा नंबर वाचता आला. खालचा धोक्याचा कवटीचा बोर्ड वाचता आला. कवटीचे दात मोजता आले.

संध्याकाळी

समोरच्या इमारतीतल्या यशोदाबाई घरी येऊन ओरडून गेल्या. म्हणे मी त्यांच्या स्वयंपाकघरात दुर्बीण लावून बसलो होतो. त्यांना सांगितलं, तुमचं स्वयंपाकघर डीपीच्या रेषेत बांधलंय त्याला मी काय करू? बिल्डरला विचारा. त्यावर त्या आणखी ओरडल्या. मग मी म्हणालो, आणि तुमच्या दुधाचं पातेलं उतू जात होतं, गॅस बारीक करत जा.

हे बोलायला नको होतं.

कामिनी तिळाच्या वड्या घेऊन माफी मागायला गेली. मी कुणाचीही माफी मागणार नाही.

रविवार, १७ डिसेंबर

आजचा दिवस डोक्यात जाळ करून गेला.

नुसते कागद मारून हात बसत नाही. परदेशात लोखंडाची चित्रं मारतात. कोंबडा, डुक्कर, टर्की नावाचा एक पक्षी आणि मेंढा. गोळी लागली की टणकन पडतात. नरडाण्याला एमआयडीसीत निंबा म्हणून ओळखीचा फॅब्रिकेटर आहे. त्याच्याकडून चारही कापून घेतले. टर्की त्याने पाहिलेला नाही. विचारायला फोन करायचा, तर मी पिसारा म्हटल्यावर त्याने मोरच कापला. तुराही काढला. काम सुबक होतं, मी काही बोललो नाही.

सामान सकाळी ज्ञानचंदच्या अंगणात उतरवलं, कारण गाडी त्याची. त्याची बायको, चंदनभाभी, पूजेचं ताट घेऊन देरासरातून, म्हणजे जैन मंदिरातून, येत होत्या. थांबल्या. मला विचारलं, गिरधरभाऊ, हे काय? मी खुलासा केला की हे जीव नाहीत, सहा एमएमची प्लेट आहे. त्या म्हणाल्या, मारताना मनात काय म्हणाल? प्लेट मारली म्हणाल, की कोंबडा मारला म्हणाल?

मी म्हणालो, कोंबडा. सवयीने.

त्यांनी दार लावून घेतलं. ज्ञानचंद आत गेला. अर्ध्या तासाने बाहेर आला आणि म्हणाला, गिरधर, मी लग्नाच्या वेळी कबूल केलंय, बंदूक धरेन तर फक्त गोल कागदावर. लोखंडाचा असला तरी कोंबडा तो कोंबडाच. ही चौघं इथेच राहू दे, ती म्हणतेय.

चौघं! निंबाकडून आणलेली माझी चार टार्गेट्स! भाभींनी त्यांना अभयदान दिलं. मोर तुळशीपाशी उभा केला, त्याला कुंकूही लावलं. धर्माच्या नावाखाली दुसऱ्याचा माल दाबून ठेवण्याचा हा प्रकार आहे.

धुळ्याला गेलो नाही. पंधरा वर्षांत चुकलेला पाचवा रविवार. मोजायला सोपं जातं म्हणून लिहिलं.

रविवार, २४ डिसेंबर

रायफलीच्या दस्त्याखाली ठेवायची पिशवी. हा विषय लोक हलका समजतात. पिशवी दाबली की नेम खाली जातो, सोडली की वर. वाळू भरली तर जड. प्लॅस्टिकचे मणी भरले तर हलकी. मी बाहेरून मागवली, तिच्यात नेमकं काय आहे ते गुप्त आहे.

ज्ञानचंदने स्वतः एक शिवून आणली. जुन्या गाद्यांचं कापड, आत धरणगावहून आणलेली सरकी. शिवण वाकडी. मी ती बघून हसलो. धनसिंगने हातात घेऊन दाबली आणि म्हणाला, हाई बेस शे. चांगली, म्हणे!

प्रयोग म्हणून दोन्हींवर मारलं. माझ्या पिशवीवर पाच, सरकीवर आठ. पण सरकीवर नंतर मारलं, तोवर हात गरम झाला होता. असल्या तुलनेला अर्थ नाही.

सोमवार, १ जानेवारी

संकल्प. या वर्षी कुणावरही चिडणार नाही. रोज पहाटे प्राणायाम. धनसिंगमुळे नव्हे, स्वतःच्या मनाने.

मंगळवार, २ जानेवारी

प्राणायाम उद्यापासून. सकाळी गिऱ्हाईकाने मोटार परत आणली. म्हणे जळली. म्हटलं, पाणी संपल्यावर कोरडी चालवली असशील. तो म्हणाला, विहीर भरलेली आहे, चला दाखवतो. नालायक माणूस. मोटार माझ्याच हातून उलटी जोडली गेली होती, ती गोष्ट वेगळी.

रविवार, ७ जानेवारी

मोठा विजय. धनसिंगशी पाऊण तास भांडून क्लबच्या रायफलीवरून नऊपट उतरवली आणि माझी चाळीसपट चढवली. पन्नास मीटरला जुळवली. दहापैकी आठ! ज्ञानचंदचे नऊ. म्हणजे अंतर आता फक्त एका गोळीचं.

धनसिंग म्हणाला, आते दोनशेवर चला, दखू बटण कोठे अडकस ते. मी नाही म्हणालो. दोनशे म्हणजे पन्नासची चारपट. गणित मोबाइलच्या ॲपमध्ये आहे. वारा, तापमान, गोळीचा वेग, सगळं भरलंय. ॲप सांगतं तेवढं बटण फिरवायचं. ज्याच्याकडे ॲप आहे त्याने उगाच काडतुसं वाया घालवू नयेत.

गाडीत ज्ञानचंदने तारीख सांगितली. २४ फेब्रुवारी, शनिवार. दुकानाची जागा एका मोबाइलवाल्याला दिली. साड्यांचा उरलेला माल भावाकडे. मी म्हणालो, म्हणजे स्पर्धेनंतर सहा दिवसांनी. तो म्हणाला, हो, तुझ्यासाठी तेवढं थांबवून घेतलं अर्हमला.

माझ्यासाठी म्हणे! जोडी दोघांची आहे. उपकार कसले?

खाकरा खाल्ला नाही. भूक नव्हती.

बुधवार, १० जानेवारी

सुरतबद्दल माहिती काढली. दमट हवा. दमट हवेत दुर्बिणीच्या काचेला बुरशी धरते. हे त्याला सांगायला हवं.

सांगितलं. तो म्हणाला, माझ्याकडे दुर्बीण कुठे आहे?

सोमवार, १५ जानेवारी. संक्रांत

तिळगूळ देऊन भांडण संपवायचा दिवस. माझं कुणाशी भांडण नव्हतंच, तरी दिला. सुट्टीमुळे क्लब चालू होता म्हणून आम्ही धुळ्याला गेलो.

काडतुसाच्या बुडाला एक कडा असते, घोडा तिथेच ठोका देतो. म्हणून तर याला रिमफायर म्हणतात. कडेची जाडी सारखी नसेल तर ठोका सारखा बसत नाही. मी दुकानातून मायक्रोमीटर नेला. क्लबने मला दिलेली साठ काडतुसं एकेक मोजून तीन डब्यांत लावली. त्यात सकाळ गेली. तेवढ्या वेळात ज्ञानचंदने स्वतःची तीस मारली. मग हात पुढे करून माझ्या मधल्या डब्यातली पाच आणि शेवटच्यातली पाच घेतली आणि मारली. मिसळून! विचारलं तर म्हणाला, गिरधर, सगळी तिथेच चाललीत बघ.

तिथेच चालली होती, हे खरं. दहाच्या दहा. मुद्दा तो नाही. मुद्दा शिस्तीचा आहे.

मी त्याला बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. शेवटचं वाक्य एवढंच, की तुला कशाचंच काही वाटत नाही, ना डब्याचं, ना दुकानाचं, ना गावाचं. धनसिंग दुसरीकडे बघू लागला. ज्ञानचंद रिकामी काडतुसं वेचत राहिला.

परत येताना एरंडोलला चहासाठी थांबलो नाही. त्याने विचारलं होतं.

रविवार, २१ जानेवारी

अबोला. त्याच्या गाडीची वाट न बघता एसटीने धुळ्याला गेलो. पायात सामानाच्या तीन पिशव्या. शेजारच्या बाईने विचारलं, तंबोरा आहे का?

रेंजवर पोचलो तर दोनशे मीटरच्या जागेवर कोण झोपलेलं? ज्ञानचंद! माझ्या आधीच पोचून! रायफलीवरून माझी दुर्बीण उतरवून जुनी नऊपट लावलेली, शेजारी धनसिंग. कानात बोलत होते. लांबून कागदामागच्या लोखंडी पत्र्याचा आवाज येत होता. टण. टण. टण.

मी गेटवरूनच परत फिरलो. परतीच्या एसटीत त्याला व्हॉट्सॲपवर मेसेज लिहिला. विश्वासघात, जोडीचा धर्म, माझी दुर्बीण उतरवण्याचा अधिकार वगैरे सगळं. धरणगाव फाट्यापर्यंत लिहीत होतो.

उत्तर आलं: एक अंगठा.

रविवार, ४ फेब्रुवारी

सकाळी सहाला खाली हॉर्न वाजला. ज्ञानचंद. काही घडलंच नाही असा चेहरा. कामिनीने त्याला वर बोलावून पोहे दिले, मला विचारलंही नाही.

गाडीत तो म्हणाला, तुझीच दुर्बीण लावू स्पर्धेला. मी विचारलं, पटलं ना शेवटी? तो म्हणाला, तू एवढ्या आवडीने घेतलीस.

शरणागती. शांतपणे स्वीकारली. एरंडोलला चहा घेतला. त्या टपरीवर चहा चांगला मिळतो, हे मान्य करायला हवं.

रविवार, ११ फेब्रुवारी

शेवटचा सराव. पन्नास: मी आठ. शंभर: सहा. धनसिंगने पुन्हा दोनशेचा विषय काढला. मी म्हणालो, आबा, रविवारी बघा.

तो ज्ञानचंदकडे बघून हसला नाही. हसायला हवा होता असं वाटलं.

रविवार, १८ फेब्रुवारी. संध्याकाळी ६

लिहायचं नव्हतं. लिहितो.

नऊ जोड्या. सकाळी पन्नास मीटर: मी आठ, ज्ञानचंद नऊ. आम्ही दुसरे! शंभरला मी सहा, तो आठ. तिसरे. चहाच्या सुट्टीत नंदुरबारचे दोघं माझी दुर्बीण बघायला आले. त्यांना डोळा लावू दिला. त्या दहा मिनिटांत मी कुणाचाही द्वेष केला नाही.

बारा वाजता दोनशे. लळिंगच्या बाजूने गरम वारा सुटला होता. पहिला मी. ॲप उघडलं. ॲपने सांगितलं तेवढं बटण फिरवायला लागलो. फिरलं, फिरलं, आणि अडकलं. लागत होतं त्याच्या दोन तृतीयांशालाच. मी जोर लावला. पंचवीस वर्षं मोटारी बांधणाऱ्याला कळतं, कुठे जोर लावून उपयोग नाही ते. तरी लावला.

धनसिंग पंच होता, त्याला बोलता येत नव्हतं. तो नुसता उभा होता. ज्ञानचंद शेजारी टेकून हळूच म्हणाला, गिरधर, पॉवर कमी कर, म्हणजे जास्त जागा दिसेल. आणि कागदाच्या हातभर वर धर.

मी म्हणालो, गप्प बस.

दहा गोळ्या मारल्या. पहिलीची धूळ कागदाच्या हातभर खाली उडाली. दुसरीची तिथेच. ज्ञानचंद प्रत्येक वेळी सांगत होता, खाली, गिरधर, हातभर खाली. अगदी मऊ आवाजात. त्या मऊ आवाजामुळे मी वर धरलं नाही. दहाच्या दहा खाली. शून्य.

मग तो झोपला. त्याने पॉवर कमी केली, कागदाच्या वर मागच्या बांधावर एक पांढरा दगड होता त्यावर नेम धरला आणि पहिली मारली. धूळ डावीकडे उडाली, वीतभर. मला स्पष्ट दिसली. तो झोपलेला, धक्क्याने दुर्बीण हलते, त्याला दिसत नाही. त्याने विचारलं, कुठे?

मी काही बोललो नाही.

दुसरी मारली. कुठे? तिसरी. चौथी. तो दर वेळी विचारत होता. सहा वेळा विचारलं. सहाव्यांदा माझ्याकडे मान वळवून बघितलं. मग विचारायचं बंद केलं, स्वतःच अंदाजाने उजवीकडे सरकला, आणि शेवटच्या चारही कागदावर मारल्या.

एकूण पस्तीस. तिसरा नंबर छत्तीसला गेला.

नियमपत्रिकेत लिहिलंय, जोडीदार सांगू शकतो. सांगू शकतो. सांगायलाच हवं असं कुठेही लिहिलेलं नाही. दोनदा वाचली.

तो उठला, कोपराची माती झटकली आणि म्हणाला, चल, चहा घेऊ.

सोमवार, १९ फेब्रुवारी

क्लबला तक्रार लिहिली. रायफलीचा वरचा भाग तिरका असायला हवा होता, वारा एकसारखा नव्हता, पंच पक्षपाती. तीन पानं झाली. कामिनीला वाचून दाखवली. तिने विचारलं, आणि तुम्ही का बोलला नाहीत?

तिला कुणी सांगितलं? ज्ञानचंद असं सांगणारा नाही. मग लक्षात आलं, पहिल्या पानावर मीच लिहिलंय.

तक्रार पाठवली नाही. टपालखात्यावर विश्वास नाही.

शनिवार, २४ फेब्रुवारी

आज गेले ते. दुपारच्या गाडीने. मी जाऊ शकलो नाही. पाच एचपीची मोटार बांधायला घेतली होती. तातडीचं काम. गिऱ्हाईक नव्हतं, पण मोटार होती.

कामिनी स्टेशनवर गेली होती. म्हणाली, भाभी रडत होत्या. ज्ञानचंदभाऊ सारखे जिन्याकडे बघत होते. मी म्हणालो, हमाल बघत असेल. ती म्हणाली, सामान केव्हाच चढलं होतं.

मोटार सोडून पुन्हा बांधली. तारेचे वेढे चुकले होते.

रविवार, ३ मार्च

सहाला जाग आली. खाली हॉर्न वाजला नाही. वाजायचं कारणही नव्हतं.

एसटीने धुळ्याला. दुर्बीण नेली नाही, जड होते. धनसिंगला म्हटलं, पुढच्या वर्षीच्या जोडीसाठी मला कुणीतरी बघा. त्याने वही उघडली, वाचली, मिटली. म्हणाला, भाऊ, मी तिघासले इचारं. तिन्ही जण नही म्हनतस.

मी म्हणालो, माझं सामान बघून घाबरले असतील. त्याने वही बाजूला ठेवली. मग बसायला खुर्ची दिली आणि एक गोष्ट सांगितली, जी मला ऐकायची नव्हती.

त्या २१ जानेवारीला, मी गेटवरून परत फिरलो त्या दिवशी, धनसिंगने माझी दुर्बीण दोनशेवर लावून बघितली होती. बटण अडकलं. मग नऊपट लावली, तर ज्ञानचंदने दहापैकी सात मारल्या. धनसिंग त्याला म्हणाला, शेट, हाईच लावा, पहिला नंबर तुमनाच शे. ज्ञानचंदने रायफल खाली ठेवली. मग म्हणाला, नको आबा. त्याने दोन महिने घालवलेत त्या दुर्बिणीत. त्याचीच लावू दे. बक्षीस मी सुरतला नेऊन कुठे ठेवू?

म्हणजे त्याला ठाऊक होतं! ठाऊक असून झोपला. ठाऊक असून सहा वेळा कुठे, कुठे विचारलं.

मी धनसिंगला म्हणालो, हा तर सरळ कट आहे, मला तोंडघशी पाडायचा. धनसिंगने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाला, भाऊ, मंगळवारथून नव्या लोकसनी बॅच चालू व्हस. दहा मीटर, छर्‍यानी बंदूक. दुर्बीण नही, पट्टी नही. ई जा.

नवशिक्यांची बॅच! मला! पंधरा वर्षांनी!

नाही म्हणून सांगितलं.

मंगळवार, ५ मार्च

दहा मीटर. दहापैकी तीन. बाकीच्या नवीन लोकांत एक निवृत्त तलाठी आणि धुळ्याच्या दोन नर्स. एका नर्सचे आठ.

संध्याकाळी ज्ञानचंदला फोन लावला. कट केल्याबद्दल झाडायचा होता, सगळं डोक्यात तयार होतं. पहिल्या रिंगला उचलला. म्हणाला, बोल गिरधर.

मी विचारलं, पोचलास का? तो म्हणाला, दहा दिवस झाले. मी म्हणालो, हो, तेच.

मग त्याने विचारलं, आज किती? म्हटलं, तीन. त्याने कुठल्या अंतरावर ते विचारलं नाही. म्हणाला, वा.

 तिकडे लहान मुलांचा गलका ऐकू येत होता, भाभी कुणाला तरी ओरडत होत्या. मला म्हणायचं होतं, डावीकडे, वीतभर. सहाही वेळा डावीकडेच होतं. तोंड उघडलं.

म्हणालो, बॅटरी संपत आलीय, ठेवतो.

तो बरं म्हणाला, पण त्याने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तसेच धरून बसलो दोघं. कानापासून काढून बघितलं तर बॅटरी ब्याऐंशी टक्के होती.